दाता क्रमांक एक

ताईला त्या पोरीचा पहिल्या दिवशी राग आला नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर लोक म्हणतील, बाई मुळातच जळकी. उलट पहिले दोन महिने ताईच तिला बरोबर घेऊन सगळं दाखवत होती: बर्फाचा डबा कुठं असतो, कुठल्या कपाटाचं दार गुडघा मारल्याशिवाय लागत नाही, मॅडमचा सकाळचा चहा होईपर्यंत त्यांना काही विचारायचं नाही. राग नंतर आला, आणि आला तो रक्तावरून.

रक्त म्हणजे खरंखुरं रक्त. त्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या औषधाचे कण बनवत. इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. त्यात अडचण एकच. असा कण नुसता रक्तात सोडला तर शरीरातल्या पहारेकरी पेशी त्याला परका समजून वाटेतच गिळून टाकतात, आणि गाठ राहते बाजूला. पण तांबड्या पेशीला कुणी अडवत नाही. ती घरचीच, दिवसभर इकडून तिकडे फिरत असते. म्हणून मॅडमनी निसर्गाचीच युक्ती उचलली होती. तांबडी पेशी फोडायची, आतला लाल रंग धुऊन टाकायचा आणि उरलेलं फिकट कातडं औषधाच्या कणावर चढवायचं. वर गाठीच्या पेशीला ओळखून चिकटेल असा एक धागा लावायचा, की कण बिनबोभाट गाठीपर्यंत. त्या रिकाम्या कातड्यांना लॅबमध्ये सगळे भुतं म्हणायचे. "आज किती भुतं झाली?" असं विचारलं तरी तिथं कुणी दचकत नसे.

ही भुतं नऊ वर्षं ताईच्या रक्ताची होती. ताई तंत्रज्ञ. मोठी पदवी नाही, त्यामुळे छापून येणाऱ्या शोधनिबंधांवर नावं असायची ती मॅडमची आणि विद्यार्थ्यांची. पण प्रत्येक निबंधात आत कुठंतरी एक ओळ असायची, की कातडं दाता क्रमांक एकच्या रक्तातून घेतलं. ती ओळ ताई बोटानं शोधून काढायची आणि घरी नेऊन नवऱ्याला दाखवायची. नवरा शिंपी. तो चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "म्हणजे कापड तुझं. आणि शिवण?"

"शिवणही माझीच."

"मग दुकानाची पाटी दुसऱ्याची कशी गं?"

"तुम्ही तुमची बटणं लावा," असं म्हणून ताई कागद काढून घ्यायची. पण मनातून तिला बरं वाटायचं. दाता दोन ते सहा येऊन गेले, बहुतेक विद्यार्थी. एकाच्याही भुतांना तिच्या भुतांची सर आली नाही. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या ताईंच्या रक्तातच काहीतरी आहे." ताई तेव्हा मान खाली घालून काचा पुसत राहायची. त्या काचा आधीच स्वच्छ असायच्या.

मग आली नवी. त्या लॅबमध्ये जो शेवटचा येईल त्याला पुढचा येईपर्यंत नवा किंवा नवी म्हणायची रीत होती. ताईसुद्धा एके काळी नवी होती, पण ते आठवणारं मॅडमशिवाय कुणी उरलं नव्हतं. ही नवी पंचविशीची, हाडकुळी, खालमानेनं काम करणारी. तिनं रीतसर संमतीचा कागद भरला, तळमजल्यावरच्या नर्सकडून रक्त काढून घेतलं आणि दाता क्रमांक सात झाली. लॅबचा एक जुना नियम होता: आपलं रक्त आपणच हाताळायचं. दुसऱ्याच्या रक्ताचा शिंतोडा चुकूनही अंगावर नको. त्यामुळे धुण्यापासून कातडं चढवण्यापर्यंत नवीनं आपलं सगळं आपणच केलं.

मोजणी झाली. शंभर कणांमागे पहारेकऱ्यांनी किती गिळले, ते मोजायचं. जितके कमी गिळले तितकं कातडं चांगलं. ताईचे तीस गेले. नवीचे अठरा.

"असेल काही चूक," ताई म्हणाली.

पुन्हा केलं. ताईचे एकतीस, नवीचे सतरा. मॅडम खुर्चीतून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्या खूश झाल्या की असंच करायच्या. नऊ वर्षांत ताईच्या आकड्यांवर त्या दोनदा खिडकीपर्यंत गेल्या होत्या. ताईनं ते मोजून ठेवलेलं होतं.

त्या दिवसापासून ताईच्या डोळ्यांत ती पोर सलायला लागली. तिचं चालणं खुपायला लागलं, तिचं पाणी पिणं खुपायला लागलं. ती हळू काम करायची, तर ताईला वाटायचं, किती हा संथपणा. ती नमस्कार करायची, तर वाटायचं, ढोंगी आहे. ताई साध्या साध्या गोष्टींत तिला टोचायला लागली. "बर्फ असा भरतात?" "तुमच्या कॉलेजात हात धुवायला शिकवत नव्हते का?" नवी गोरीमोरी व्हायची आणि पुन्हा बर्फ भरायची. एकदा तर ताईनं चांगल्यापैकी काचेची सिरिंज मुद्दाम वरच्या फळीवर ठेवून दिली, पोरीचा हात पोचू नये म्हणून. नवीनं स्टूल आणलं, सिरिंज काढली आणि वर ताईचेच आभार मानले, जपून ठेवल्याबद्दल. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, रक्तच ते," नवरा म्हणाला. "तिचं चांगलं निघालं, त्यात तिची काय करामत?"

"तेच तर," ताई म्हणाली. "करामत नाही, कष्ट नाहीत, आयतं चांगलं. माझ्या नऊ वर्षांवर बोळा."

हे बोलताना ती उजव्या हाताचा अंगठा कोमट पाण्यात धरून बसली होती. दोन वर्षं त्याचं मूळ ठणकत होतं. कातडं चढवायचं काम अंगठ्याचं. समोरासमोर दोन सिरिंजा, मध्ये एक बारीक छिद्रांची जाळी. भुतं आणि कण एकत्र करून या सिरिंजेतून त्या सिरिंजेत दाबायचे, मग तिकडून इकडे, असं अकरा वेळा. अकरा एवढ्यासाठी, की शेवटी माल पलीकडच्या सिरिंजेत जायला हवा. गाळ अलीकडे राहतो. ताई ते काम हल्ली पटकन उरकायची. दुखायला लागायच्या आत अकरा वेळा दाबून मोकळी. अंगठ्याचं ती लॅबमध्ये कुणाला बोलली नव्हती. बोलायचं कशाला, लगेच बाजूला बसवतील.

एका सोमवारी मॅडमनी सांगितलं की मोठी खेप करायची आहे. रुग्णालयाबरोबरच्या कामासाठी, गाठी असलेल्या उंदरांवर, तीन महिने. इतक्या मोठ्या खेपेला एकच दाता घ्यायचा. "एक की सात, ते शेवटचं तपासून घेऊ. यावेळी मोजणी मी स्वतः करणार, आणि दात्यांचे क्रमांक झाकून. नर्सकडून नळ्या आल्या की चिठ्ठ्या ताई लावतील."

बुधवारी नर्सनं दोघींचं रक्त काढलं आणि दोन नळ्या वेगवेगळ्या खणांत ठेवून ट्रे ताईच्या हातात दिला. डावीकडची ताईची, उजवीकडची नवीची. ताई जिना चढून वर आली. चिठ्ठ्या खिशात होत्या, एकीवर एक, दुसरीवर सात. नवी अजून खालीच होती, दंडाला कापूस लावून बसलेली. ताईनं डाव्या नळीवर सात लावलं आणि उजव्या नळीवर एक लावलं. झालं. अर्धं मिनिटही लागलं नाही. हात जराही चुकला नाही, याचं तिला त्याही वेळी कौतुक वाटलं. नवीचं चांगलं रक्त आता ताईच्या नावावर जिंकणार होतं.

मग नियमाप्रमाणे दोघी कामाला लागल्या. नवीनं सात घेतली, ताईनं एक घेतली. नवीच्या हातात ताईचं रक्त होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ताईनं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

शुक्रवारी मॅडमनी आकडे फळ्यावर लिहिले. एक: तेहतीस. सात: सतरा.

ताई फळ्याकडे बघतच राहिली. कुणी थोबाडीत दिल्यासारखा तिचा चेहरा झाला, आणि बाकीच्यांना वाटलं, बाईला हरल्याचं वाईट वाटतंय. नवी तर हळूच म्हणाली, "ताई, फरक थोडाच आहे." फरक थोडा नव्हता, पण ताईचं लक्ष तिथं नव्हतंच. तिचा हिशेब वेगळाच चालला होता. सात क्रमांकाच्या नळीत माझं रक्त होतं, आणि ते जिंकलं. एक क्रमांकाच्या नळीत तिचं रक्त होतं, आणि ते हरलं. म्हणजे माझंच रक्त चांगलं? हे मनात येताच क्षणभर तिला इतका आनंद झाला की ती खुर्चीत बसली.

पण आनंद टिकेना. कारण मागच्या दोन वेळा तेच रक्त हरलं होतं. मग बदललं काय? रक्त बदललं, चिठ्ठ्या बदलल्या. जिंकताना तिन्ही वेळा हात तेवढे नवीचे होते, आणि हरताना ताईचे.

रक्तात काही नव्हतंच. नऊ वर्षांपूर्वीही नव्हतं. तेव्हा ताईचे हात चांगले होते. आता नव्हते. आणि हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं, कारण चिठ्ठ्या तिनं बदलल्या होत्या.

एवढ्यावर भागलं असतं तर ताईनं तोंड मिटून घेतलं असतं. पण मॅडम खिडकीपासून परत येत म्हणाल्या, "ठरलं तर. रक्त सातचं. पण एवढी मोठी खेप, ती अनुभवी हातांनीच व्हायला हवी. नियम यावेळी बाजूला ठेवू, तिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेऊ. ताई, हात मात्र तुमचेच. पुढच्या गुरुवारी."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. दहा दिवसांपूर्वी हे वाक्य ऐकायला तिनं काय वाटेल ते दिलं असतं. आता ते तिच्या गळ्यात आलं. ताईच्या हातची खेप म्हणजे शंभरातले तेहतीस कण वाटेतच गेलेले. तीन महिने उंदरांना ते औषध टोचणार, ते गाठीपर्यंत पुरेसं पोचणार नाही, आणि शेवटी म्हणणार की युक्तीच चुकीची. मॅडमनी अर्धं आयुष्य घातलेली युक्ती.

"का नाही," ताई म्हणाली. "करू की."

सोमवारी ती नवीच्या मागं जाऊन उभी राहिली. नवी सरावासाठी नुसतं पाणी दाबत होती. तिचा अंगठा असा हलत होता की सिरिंजेचा दांडा पुढं सरकतोय हे कळायचंसुद्धा नाही. एक, दोन, तीन. सातव्या वेळी ती थांबली. दोन-तीन श्वास तशीच थांबली आणि मग आठव्याला लागली. ताई जळली, अगदी आतून जळली. रक्ताचा हेवा करणं सोपं होतं, त्यात आपला दोष नसतो. हा हातांचा हेवा होता.

"कुणी शिकवलं हे तुला?" ताईनं विचारलं.

"कुणीच नाही," नवी घाबरत म्हणाली. "म्हणजे, तुम्ही फार भरभर करता, मला दिसायचंच नाही. मग मॅडमच्या जुन्या फायलींत एक व्हिडिओ सापडला. आवाज नाही, चेहरा नाही, नुसते हात आहेत. मी रोज घरी लावते. शंभरदा तरी पाहिला असेल. कुणाचे आहेत ते माहीत नाही, पण असे हात मी कुणाचेच बघितले नाहीत."

तिनं फोन पुढं केला. ताईनं चष्मा लावला. फिकट चित्रात दोन हात होते, दोन सिरिंजा होत्या. उजवा अंगठा संथ पुढं जात होता. त्याच्या नखाखाली एक तिरपा पांढरा डाग होता, इस्त्रीच्या भाजल्याचा. लग्नानंतर नवऱ्याच्या दुकानात पहिल्यांदा मदतीला बसली, त्या दिवशीचा.

ताईनं उजवा हात पाठीमागं घेतला. "चांगले आहेत," एवढंच ती म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली.

त्या दिवशी ती जेवायला बसली, पण ताटातलं काही हललं नाही. नवरा एका कोटाचं अस्तर उसवत होता. "मशीन पळवलं की अस्तराला चुण्या पडतात," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "वरून झाक दिसतं, पण आतून सगळं ओढलेलं. उसवून पुन्हा करण्याशिवाय इलाज नाही."

"तुम्हाला कुणी काही सांगितलंय का?" ताई एकदम म्हणाली.

"मला? कशाचं?"

"काही नाही. उसवा तुम्ही."

मंगळवारी मॅडमचा चहा होईपर्यंत ती दाराबाहेर उभी राहिली. मग आत गेली, दार लावलं आणि उभ्यानंच सांगितलं. चिठ्ठ्या बदलल्या. सातच्या नळीत माझं रक्त होतं. चांगलं रक्त कुणाचंच नाही, हात तिचे चांगले आहेत. माझा अंगठा दोन वर्षं गेलाय. गुरुवारची खेप मी केली तर वाया जाईल.

मॅडमनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, "का केलंत असं?"

"जळले मी. दुसरं काय."

"आणि त्या मुलीच्या हातात तुमचं रक्त दिलंत. तिला न सांगता."

"दिलं."

"नऊ वर्षांत तुमच्यावर मी एकदाही नजर ठेवली नाही, ताई."

मॅडमनी वही काढली आणि घडलं तसं सगळं तिच्याकडून लिहून घेतलं, सहीसकट. गुरुवारची खेप पुढं गेली. दाता क्रमांक एकचं नाव यादीतून काढलं. ताईनं पुढचे सहा महिने सिरिंजेला हात लावायचा नाही, असं ठरलं. नवीची रक्ततपासणी केली, ती ठीक आली. नवीनं सगळं ऐकून घेतलं आणि ताईशी बोलणं टाकलं. आरडाओरडा नाही, काही नाही, फक्त नमस्कार बंद झाला. ज्या नमस्काराला ताई ढोंग म्हणायची, तो आता रोज सकाळी तिला आठवायचा.

तीन आठवड्यांनी खेप झाली. रक्त दोघींचं नव्हतंच, रुग्णालयाच्या रक्तपेढीतून तपासून आलेलं होतं. आता कुणाचंही चालणार होतं. हात नवीचे. एवढ्या लांब कामात मोजणी चुकू नये म्हणून शेजारी बसून आकडे म्हणायला कुणीतरी हवं होतं. मॅडमनी त्या खुर्चीकडे बोट केलं आणि ताई बसली.

"एक," ताई म्हणाली. "दोन."

नवीचा अंगठा सरकत होता. ताईला अजूनही जळायला होत होतं, ते काही सही केल्यानं जात नाही. पण तिनं आकडा चुकवला नाही. सातला नवी थांबली. ताईही थांबली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नवी तिच्याशी बोलली, सिरिंजेवरची नजर न काढता. "तो डाग मी त्या दिवशीच पाहिला होता. तुम्ही हात लपवलात तेव्हा." मग जराशानं म्हणाली, "मला एक सांगा. सातनंतर का थांबायचं? मी प्रत्येक वेळी थांबते. कातडं बसायला वेळ मिळतो, म्हणून का? पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही, पण न थांबता केलं की आकडे बिघडतात."

ताईला तो दिवस आठवला. मॅडमच्या हातात कॅमेरा होता, आणि ती स्वतः त्या लॅबची नवी होती. तिला कुणाची भीती नव्हती, कारण तिच्याकडे घालवण्यासारखं अजून काही नव्हतं.

"अंगठा दुखायचा," ताई म्हणाली. "तेव्हाही दुखायचा. दुखला की मी थांबायचे."

नवीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा सिरिंजेकडे पाहिलं आणि अंगठा दांड्यावर ठेवला.

"आठ," ताई म्हणाली.